क्रीटच्या रानातली बडीशेप

समारियाची प्रसिद्ध घळ मे महिन्याआधी उघडत नाही, हे एप्रिलमध्ये ग्रीसच्या क्रीट बेटावर जाणाऱ्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं. हानियाचं जुनं बंदर, नॉसॉसचा राजवाडा, दोन्ही पाहिलं आणि दोन्हीकडे गर्दीने जीव नकोसा झाला. घळ हुकली म्हणून एक सकाळ मोकळी मिळाली. आम्ही लेफ्का ओरी डोंगरांच्या पायथ्याच्या एका गावात उतरलो होतो. त्या घरची आजी सुरी आणि कापडी पिशवी घेऊन ‘होर्ता’ म्हणजे रानभाजी खुडायला निघाली, तशी मीही मागोमाग गेले.

ऑलिव्हच्या बागेच्या कडेला तिने मला दोन झाडांसमोर उभं केलं. एक ‘माराथो’, आपल्या बडीशेपेचंच झाड, रानात उगवलेलं. दुसरं ‘कोनियो’. इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला ज्याचं विष प्यायला लावलं, ते हेच. फुलांवरून ओळखावं, तर पिवळी बडीशेपेची आणि पांढरी विषाची. पण फुलं अजून कशालाच आली नव्हती. आजीची सून इंग्रजीत समजावत होती: बडीशेपेचं पान दोऱ्यासारखं बारीक, कोनियोचं चपटं, कातरलेलं. कोनियोच्या गुळगुळीत, पोकळ खोडावर जांभळे डाग असतात आणि चुरगळलं की उंदराच्या मुतासारखा वास येतो.

पण नुसत्या वासावर विसंबायचं नाही. बोटांना एकदा बडीशेप लागली की पुढची प्रत्येक काडी बडीशेपेचीच वाटते. म्हणून आजी एकेक काडी वेगळी कापत होती आणि दर वेळी खोड निरखत होती. आमच्यातला एक जण मोबाइलवर फोटो काढून ‘हेच ते’ म्हणत होता, त्याचा मला मनापासून राग आला. या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि त्यावर उतारा नाही. तिथे अंदाज कसला करायचा?

घरी येऊन आजीने कणकेत ऑलिव्ह तेल आणि थोडी राकी, म्हणजे तिथली दारू, घातली. बडीशेपेचा पाला आणि कांद्याची पात बारीक चिरून, मीठ लावून उंड्यात भरली आणि पुरणपोळीसारखी लाटून तेलावर भाजली. ही माराथोपिता. गरम, किंचित गोडसर, कडा कुरकुरीत. बडीशेप आयुष्यभर खाल्ली, पण तिचा पाला पोटभर खावा हे कधी मनातही आलं नव्हतं. पैसे विचारले तर आजीने आणखी एक पोळी ताटात वाढली.

लग्न होऊन आल्यावर कितीतरी वर्षं सासूबाई माझी पिशवी पालथी करून काडी न् काडी तपासायच्या, असं सून जेवताना सांगत होती. तिची मुलगी आता शाळेत जाते. त्या मुलीची पिशवी आता सून स्वतः तपासते.