सोनकीला लावलेली तीट

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी साडेसहाला बाहेर आले तर गवत चिंब ओलं. पाऊस पडला नव्हता, नुसतं दव. मेरीलँडचा ऑगस्ट असाच, हवा पिळली तर पाणी निघेल. चहाचा कप पायरीवर ठेवला आणि ब्लॅक-आइड सुझन या फुलझाडाच्या वाफ्याशी उकिडवी बसले. वरून सगळं पिवळंधमक. पण खालची पानं उचलली आणि जीव चुकचुकला. तपकिरी-काळे ठिपके, काही पानं तर पार करपलेली.

हा सेप्टोरिया. गेल्या वर्षीच्या पडलेल्या पानांत ही बुरशी टिकून राहते आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर वर उडते, म्हणून रोग नेहमी खालून वर चढतो. जुलैत ऊन फार होतं म्हणून मी रोज संध्याकाळी वरून पाणी मारत होते. रात्रभर पानं ओली राहायची. ते मीच केलं, वाईट वाटतं. आज तासभर बसून खालची रोगट पानं एकेक करून काढली आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली, खताच्या ढिगावर नाही. आता पाणी सकाळी आणि बुंध्याशीच. फुलांना या रोगाने फारसा धक्का लागत नाही, एवढा दिलासा.

माझ्याकडे ही दोन प्रकारची आहे. कुंपणालगतची ‘गोल्डस्टुर्म’, म्हणजे सोनेरी वादळ. मूळ अमेरिकेचंच झाड, पण हे वाण जर्मनीत पोट्सडॅमजवळच्या कार्ल फोर्स्टरच्या रोपवाटिकेतून पुढे आलं. ते वर्षानुवर्षं टिकतं, गड्डा पसरत जातो, तीन-चार वर्षांनी फोडून लावावा लागतो. चिकणमातीतही कुरकुर करत नाही. मला आवडतंच ते. पण जीव अडकलाय तो दुसऱ्या, केसाळ पानांच्या साध्या रानटी जातीत. मेरीलँडने १९१८ साली राज्यफूल केलं ते हेच, रुडबेकिया हिर्टा.

हे आईने पेरलेलं.

२०१९च्या सप्टेंबरात आई इथे होती. शेजारच्या आजींच्या अंगणात ही फुलं बघून ती थांबली आणि म्हणाली, “अगं, ही तर आपली सोनकी! फक्त हिला कुणीतरी तीट लावलीय.” वाईची माझी आई. भाद्रपदात पाचगणीचं पठार सोनकीने पिवळं होतं ते बघत मोठी झालेली. कूळ दोघींचं एकच, झेंडू-शेवंतीचं. पण सोनकीचा मध्यही पिवळा असतो, हिचा गडद. आजींनी वाळलेली बोंडं दिली, आईने ती तळहातावर चोळली. बी काळ्या तिळाहूनही बारीक. पायरीजवळ भुरभुरलं आणि हाताने नुसतं दाबलं, वर माती ओढली नाही. या बियांना उगवायला उजेड लागतो हे मी नंतर वाचलं. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

पुढच्या वर्षी नुसता लवदार पानांचा चक्राकार झुबका आला. तण समजून मी चार उपटलेसुद्धा, ते अजून सलतं. पहिल्या वर्षी बहुतेक रोपं एवढंच करतात. दुसऱ्या वर्षी भरभरून फुलली. आणि त्या थंडीनंतर बहुतेक सगळी मेली. मी घाबरले, खत कमी पडलं का, मुळं कुजली का. काही नव्हतं. या झाडाचं आयुष्यच एवढं. पण वाळलेली बोंडं मी कापली नव्हती. हिवाळाभर गोल्डफिंच पक्षी त्यांवर लटकून बी टिपत होते, उरलेलं वाऱ्याने पसरलं. तेव्हापासून रोपं दर वर्षी जागा बदलतात. यंदा पायरीजवळ एकही नाही. टपालपेटीशी मात्र सात उभी आहेत.

त्यातल्या एकासमोर आज बराच वेळ बसले. लांबून काळा दिसणारा तो मध्य जवळून गर्द तपकिरी असतो, छोट्या घुमटासारखा. घुमटभर इवल्या इवल्या कळ्या. त्या तळापासून उमलत जातात, म्हणून परागांचं एक पिवळं कडं आधी खाली दिसतं आणि रोज थोडं थोडं वर सरकतं. एक बारकी हिरवट मधमाशी त्या कड्यावरून गोल फिरत होती. एकही कळी न चुकवता, जणू प्रदक्षिणा. पाकळ्यांच्या बुडाशी आपल्याला न दिसणारा एक गडद पट्टा असतो, तो मधमाश्यांना दिसतो म्हणे. त्यांच्यासाठी ती तीट आणखी मोठी.

बुधवारी गणपती. पाच फुलं काढायची ठरवलीत, देठ चांगले कडक असतात, तांब्यात आठवडाभर टिकतात. बाकीची राहू देत.

नऊला आईचा व्हिडिओ कॉल आला. आता तिला विमानप्रवास झेपत नाही. आल्या आल्या विचारलं, “पायरीजवळची माझी सोनकी कशी आहे?” दर वर्षी मी “छान आहे” म्हणून वेळ मारून नेत होते. आज सांगितलं, “आई, तू लावलेली केव्हाच गेली गं. आता तिची पतवंडं आहेत, तीही तिकडे रस्त्याच्या कडेला.” ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “तीट आहे ना तशीच? दाखव बघू.”

चप्पल न घालताच ओल्या गवतातून टपालपेटीपर्यंत गेले आणि फोन फुलाच्या अगदी जवळ नेला.