आयोगाच्या शिफारशीला बळ हवे

सोलापुरातल्या यंत्रमाग कामगाराला कोठडीत मारहाण झाली, तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायला शुल्क लागत नाही. पण घटनेला वर्ष उलटले की मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३६(२) प्रमाणे आयोगाला चौकशीच करता येत नाही. म्हणून घटनेची तारीख, पोलीस ठाण्याचे नाव आणि वैद्यकीय दाखल्याची प्रत लगेच जोडा.

खरी गोम याच कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. चौकशीअंती आयोग भरपाईची शिफारस करतो आणि सरकारने महिन्याभरात आपले म्हणणे कळवायचे. २०१९ च्या दुरुस्तीने अध्यक्षांचा कार्यकाळ ५ वरून ३ वर्षांवर आणला. कलम १८ मात्र तसेच राहिले. मूळ कायदा १९९३ चा, केंद्राचा. त्यामुळे आपल्या खासदारांकडेच मागा: शिफारस नाकारायची तर लेखी कारणे बंधनकारक करा, भरपाई लांबली तर व्याज द्या.