चॅपलमधलं "वेल?"

सेमिनरीच्या, म्हणजे पाळक व्हायचं शिक्षण देणाऱ्या ख्रिस्ती कॉलेजच्या, पहिल्या वर्षातली एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही. आमच्या वर्गातला एक ब्लॅक अमेरिकन मुलगा चॅपलमध्ये, म्हणजे कॉलेजच्याच छोट्या चर्चमध्ये, प्रवचन करत होता. त्यांच्या चर्चमध्ये पाळक वाक्य बोलून थांबतो आणि लोक खालून उत्तर देतात, तसा हापण थांबला, आणि आम्ही सगळे मान खाली घालून नोट्स काढतोय. परत थांबला, परत शांतता. तिसऱ्या वेळी मागच्या बाकावरून एका बाईंचा आवाज आला, "वेल?", म्हणजे इंग्रजीतलं well, 'हं, मग पुढे?' अशा अर्थाचं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं ना, ते मला लिहिता येत नाही.

त्या बाई पन्नाशीच्या, नोकरी सोडून शिकायला आलेल्या. त्यांनीच मग दर गुरुवारी हॉस्टेलच्या किचनमध्ये सगळ्यांना बोलवायला सुरुवात केली. सगळे म्हणजे अमेरिकेतले, जमैकाचे, नायजेरियाचे, घानाचे. ऑफिसच्या फॉर्मवर यांच्यासाठी 'ब्लॅक' अशी एकच चौकट, पण पहिल्याच गुरुवारी ग्रुपचं नाव काय ठेवायचं यावरून अर्धा तास वाजलं. मी रूममेटबरोबर गेलेलो, कोपऱ्यात बसून ऐकत होतो.

गाडी रुळावर आली ती एका गाण्यामुळे. बाईंनी एक 'डॉक्टर वॉट्स' सुरू केलं, म्हणजे अठराव्या शतकातल्या इंग्रज आयझॅक वॉट्सची ख्रिस्ती भक्तिगीतं, पण गुलामगिरीच्या काळात पुस्तक ना वाचता येत ना हातात मिळत, म्हणून एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी ती लांबवत गायची, ती पद्धत. नायजेरियाचा मुलगा म्हणाला अरे हे तर आम्ही पुस्तकात बघून म्हणतो, आणि त्याने त्याच्या चालीत म्हणून दाखवलं, दुप्पट वेगात. सगळे हसत सुटले.

प्रिन्स्टन सेमिनरीतून १८२८ मध्ये थिओडोर राइट पदवी घेऊन बाहेर पडला, तिथला पहिला ब्लॅक पदवीधर. १८३६ मध्ये माजी विद्यार्थी म्हणून कार्यक्रमाला परत गेला तर तिथेच एकाने त्याला लाथा घातल्या. हे बाईंनीच सांगितलं, भांडी घासता घासता. मला आपलं वाटत राहिलं, त्याच्या मागच्या बाकावर कोण होतं?

आता चॅपलला ते गुरुवारचे लोक मुद्दाम एकत्र बसत नाहीत, विखरून बसतात, म्हणजे कुणी थांबलं की उत्तर चारी बाजूंनी येतं. गेल्या आठवड्यात माझ्याच तोंडून "वेल" निघालं, शेजारचा दचकलाच.