करडू

हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला पायी निघताना पिशवीत काय घ्यावं, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. चादर, टॉवेल, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेणबत्त्यांचं पाकीट, जपमाळ, सुईदोरा. त्या वर्षी मी एक वस्तू जास्तीची घेतली. दोनशे पानी वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वरून रबर लावून.

वही आत्यांच्या औषधांची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून बीपीची गोळी किती वाजता दिली, कूस कधी बदलली, पोट साफ झालं का, सगळं मी लिहून ठेवते. हे पुढच्या पानांवर. वही उलटी करून मागच्या बाजूनं मात्र दुसरंच चाललं होतं. डायपर, डॉक्टर, वैजापूरला नेलं त्या रिक्षाचं भाडं; आणि त्यासमोर वाळूजला राहणाऱ्या भाऊजींनी दिलेले पैसे, तारखेनिशी. धाकटी जाऊ किती वेळा आली, किती वेळ थांबली, तेही. दोन वर्षांत ११ वेळा. एका खेपेला चहा पिऊन २५ मिनिटांत गेली. ती २५ मिनिटंसुद्धा लिहिलेली आहेत.

यंदा मीपण चालणार, असं तिनं फोनवर सांगितलं, तेव्हा मला वाटलं, बरंच झालं. दोन दिवसांची वाट आहे, कुठंतरी निवांत बसून वही तिच्यापुढं करू. यात्रेला निघालेल्या बाईच्या मनात काय असावं आणि काय होतं, ते असं.

आत्यांची वाचा गेली म्हणजे पूर्ण गेली नाही. पाणी मागायचं असलं की तोंडातून ‘कपाट’ निघतं आणि मग त्या स्वतःवरच चिडतात. पण ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू झालं की अख्खी प्रार्थना एका दमात, कुठंही अडखळणं नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं; लहानपणापासून घोकलेलं डोक्यात वेगळ्या जागी राहतं. प्रार्थना, गाणी, शिव्या. (शिव्याही शाबूत आहेत. फादरांना सांगितलेलं नाही.) आता भूक लागली की आत्या प्रार्थना सुरू करतात आणि ‘आमची रोजची भाकर’पाशी येऊन थांबतात. थांबून माझ्याकडं बघतात. उरलेली प्रार्थना जेवण झाल्यावर.

मी माहेरची जालन्याकडची, प्रोटेस्टंट. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांसाठी बेथेल गाव वसवलं, त्याच्या गोष्टी ऐकत मी वाढले. लग्न होऊन वैजापूर तालुक्यात आले, ते कॅथलिक घरात. इकडं घोगरगावला राहून गावोगाव फिरलेले फ्रेंच धर्मगुरू जाकिये बाबा म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून येतात. माहेरी मरियेचं नाव नाताळात निघायचं, इथं रोज संध्याकाळी जपमाळ. पहिली दोन वर्षं मी नुसती मणी मोजत बसायचे. प्रार्थनेतला एक शब्दही बदलला. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे तसं आम्ही माहेरी म्हणायचो, आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडलं आहे तशी आमची ऋणं सोड. इकडं ऋणाच्या जागी अपराध आणि क्षमा. मला आपला ऋण शब्द बरा वाटायचा. ऋण कसं, मांडून ठेवता येतं.

शुक्रवारी पहाटे चारला निघालो, चाळीसेक माणसं. पुढं पोरांच्या खांद्यावर लाकडी क्रूस, मागं टेम्पो, त्यावर झेंडूच्या माळा घातलेला मरियामातेचा फोटो आणि भोंगा. हरेगाव आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. मरियेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरचा. त्यानंतरच्या शनिवार-रविवारी तिथं यात्रा भरते. १९४९ साली फादर जेराल्ड बाडर यांनी ती सुरू केली. वांद्र्याच्या माउंट मेरीला तिकडचे लोक मोत माउली म्हणतात, त्याचंच आमच्या तोंडी मतमाऊली झालं म्हणतात. नाव कुठूनही आलेलं असो, ‘माऊली’ आमच्या मातीत चपखल बसलं. वाटेत एका गणपती मंडळाच्या पोरांनी विचारलं, “कोणती दिंडी?” आमच्यातला एक म्हातारा म्हणाला, “मतमाऊलीची.” “माऊलीची ना? मग बसा, चहा घ्या.” पुढं काहीच विचारलं नाही.

मी अनवाणी होते. आत्यांची उजवी मूठ आवळून राहते, नखं तळव्यात रुततात, नखं काढायची तर एकानं बोटं उकलून धरावी लागतात. ती मूठ उघडावी म्हणून माझा नवस. धाकटीच्या पायात पांढरे स्पोर्ट शूज होते. बघूनच मला बरं वाटलं. दुपारपर्यंत फोड येतात का नाही बघ, असं मनाशी म्हणत मी पुढं चालत राहिले. तिच्या त्या बुटांचा मागून चुईंक चुईंक आवाज येत होता, जपमाळेच्या प्रत्येक मण्याला एक.

विसाव्याला एका सिस्टरांनी छोट्या तेरेजाची गोष्ट सांगितली. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली ही जोगीण १८९७ साली वारली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, क्षयानं. मठाबाहेर कुठं गेली नाही, मोठं काही केलं नाही. चॅपेलमध्ये ध्यानाच्या वेळी मागं बसणारी एक सिस्टर सारखा कसलातरी बारीक आवाज करायची, त्यानं हिच्या अंगाला घाम फुटायचा. वळून बघावंसं वाटायचं. शेवटी तिनं ठरवलं, तो आवाज संगीत समजून ऐकायचा आणि तेच देवाला वाहायचं. सिस्टर म्हणाल्या, पवित्र व्हायला डोंगर चढावे लागत नाहीत, कुणाचा तरी आवाज सोसावा लागतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मनात म्हटलं, तिला जाऊ नव्हती.

दुपारी पाऊस आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, तिला बोंडं धरलेली, आणि पाऊस सगळ्यांनाच हवा होता, त्यामुळं भिजल्याबद्दल कुणी कुरकुर केली नाही. पण पुढं एका ठिकाणी डांबराखालची खडी उघडी पडली होती. भिजून मऊ झालेले तळवे आणि ती खडी. शंभर पावलांत माझा निकाल लागला. डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड, उजव्या चवड्याला दोन. धाकटीचे बूट चिखलानं माखले होते, पण आतले पाय ठणठणीत.

विरगावच्या अलीकडं एका शाळेच्या पडवीत मुक्काम होता. मला भिंतीला टेकवून धाकटी म्हणाली, “ताई, सुईदोरा कुठंय?”

“पिशवीत बघ,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच अंगावर काटा आला. सुई हरवू नये म्हणून मीच ती वहीच्या पुठ्ठ्यात टोचून ठेवली होती. मागच्या पुठ्ठ्यात.

रबर निघाल्याचा टणकन आवाज आला. टेम्पोच्या दिव्याचा उजेड पडवीत येत होता. पुठ्ठा उघडला, सुई काढली, आणि मग हात तिथंच थांबला. एक पान उलटलं. अजून एक. मी भिंतीवरचा अ अननसाचा वाचत बसले. तिनं वही मिटली, रबर लावलं, पिशवीत ठेवली.

माझा पाय तिनं मांडीवर घेतला. टॉवेलानं चिखल पुसला. काडेपेटीच्या काडीवर सुई धरली, दोरा ओवला. फोडाच्या एका कडेनं सुई घालायची, दुसऱ्या कडेनं काढायची, दोरा दोन्हीकडं बोटभर सोडून तोडायचा. कातडं फाडायचं नाही. दोऱ्यावाटे रात्रभर पाणी झिरपतं आणि सकाळी पाय टेकवता येतो. हे तिला कुठून माहीत, मी विचारलं नाही. तिच्या बोटांवर कंपनीतल्या कामाचे बारीक बारीक चिरे होते, एक नख काळंनिळं. मी दोनदा पाय ओढून घेतला. दुखलं म्हणून नाही. दोन वर्षं मी लोकांचं करत होते, माझं कुणी करत असताना कुठं बघायचं ते मला कळेना. शिष्यांचे पाय धुवायला बसलेल्या येशूला पेत्र नावाचा शिष्य म्हणाला होता, तू माझे पाय कधीच धुणार नाहीस. दर गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी ते वाचन ऐकून मला वाटायचं, मोठा विनयशील माणूस. त्या पडवीत कळलं, त्याला लाज वाटली असणार. आणि थोडा रागही आला असणार.

झोप लागली नाही. बायबलातल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतला थोरला भाऊ डोक्यात घोळत होता. धाकटा सगळं उडवून परत येतो, बाप पोसलेलं वासरू कापतो, गाणीबजावणी सुरू. थोरला शेतातून दमून येतो आणि दारातच अडतो. इतकी वर्षं तुमची चाकरी केली, मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाही. मला दरवर्षी त्याचंच बरोबर वाटत आलेलं आहे. बाप त्याला म्हणतो, बाळा, जे माझं ते तुझंच आहे. ऐकायला बरं, पण करडू काही देत नाही. आणि येशूही ती गोष्ट तिथंच सोडतो. थोरला शेवटी आत गेला की अंगणातच उभा राहिला, लिहिलेलं नाही.

शनिवारी दुपारी नाऊरच्या पुलावर आलो. खाली गोदावरी गढूळ, दुथडी. वर नाशिककडं पाऊस झाला की नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून सोडलेलं पाणी इथून जायकवाडीकडं जातं. या पाण्यावरून वर्षानुवर्षं नाशिक-नगर आणि मराठवाड्याचं भांडण. थेंब न थेंब कुणाच्या हिशोबात धरायचा, याचं. पुलाच्या अलीकडं आमचा मराठवाडा, पलीकडं नगर जिल्हा. १९४८ पर्यंत या काठाला निजाम होता.

कठड्याला टेकून धाकटी म्हणाली, “ताई, पंचवीस मिनिटं बरोबर आहेत.”

मी गप्प.

“त्या दिवशी तुम्ही आत्यांचं बदलायला घेतलं. मला मळमळायला लागलं. स्टँडवर जाऊन ओकले. मग भीतीच बसली. आपल्या माणसाची घाण वाटती, हे सांगायचं कुणाला? यांना सांगितलं तर हे काय म्हणतील. म्हणून यायचं टाळत गेले.”

पहिल्या आठवड्यात मीही ओकले होते. गोठ्यामागं जाऊन, पदर तोंडात कोंबून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. ते वहीत नाही. तिला ते सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. थोरल्या भावाचं, करडाचं, सगळं बोलून गेले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “करडू पाहिजे होतं तर मागायचं ना ताई. लिहून कशाला ठेवायचं?”

मला हसू आलं, आणि रागही गेला नाही. मळमळ सगळ्यांनाच होते. सगळे पळून जात नाहीत, हेही मला त्याच वेळी वाटत होतं. दोन्ही घेऊन पूल ओलांडला.

हरेगावची गर्दी काय सांगावी. साखर कारखान्याचं हे जुनं गाव त्या दोन दिवसांत ओळखू येत नाही. रेवड्या, पाळणे, मेणबत्त्यांचे ढीग, नगर-नाशिकपासून मराठवाड्यापर्यंतची माणसं. पापनिवेदनासाठी फादर खुर्च्या टाकून बसलेले, प्रत्येकासमोर रांग. माझा नंबर आला तेव्हा भोंग्यावर नेमकी कुणाची तरी हरवलेली मुलगी पुकारत होते. मी हळू आवाजात सांगितलं. फादर म्हणाले, काय? पुन्हा सांगितलं. काय? शेवटी मी ओरडले, “हिशोब ठेवते!” आणि नेमका भोंगा बंद झाला. मागची अख्खी रांग माझ्याकडं बघायला लागली. फादरांनी पापक्षमा दिली, पाच नमो मरिया म्हणायला सांगितल्या. बाकी काही बोलले नाहीत. रांग मोठी होती.

रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे उपासनेनंतर, टेम्पोतून परतलो. आत्यांची मूठ आवळलेलीच होती. दोन दिवस नणंदेनं केलं होतं, तिचा चेहरा बघून मला जरा समाधान वाटलं, हे खरं सांगते. धाकटी एक रात्र थांबणार होती. वहीच्या मागच्या पानांचं काय करावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. फाडावीत तर पुढची औषधांची पानंही सुटी होतात, एकाच दोऱ्यात शिवलेली आहेत.

संध्याकाळी आत्यांनी प्रार्थना सुरू केली. भाकरीपाशी येऊन थांबल्या आणि खोलीत दोघी बघून धाकटीकडं बघायला लागल्या. तिला वाटलं विसरल्या, म्हणून ती पुढची ओळ सांगायला लागली. आत्या चिडल्या. मग मी तिला सांगितलं.

ती चुलीपुढं जाऊन बसली. बाजरीचं पीठ मळताना पाणी जास्त झालं, तव्यावर टाकताना भाकरी एका कडेनं फाटली. मी दोनदा उठायला गेले, पण टाचेतला दोरा अजून तसाच होता. कडा करपल्याचा वास आला. तिनं ती दुधात कुस्करून आणली. आत्यांनी पहिला घास तोंडात घोळवला, माझ्याकडं बघितलं, आणि एक शिवी दिली. अगदी स्वच्छ, स्पष्ट. मग सगळं खाल्लं.