लॉस लोबोस प्रत्यक्षच का ऐकायचे?

टेक्सासमधल्या ऑस्टिनचे मराठी स्नेही मला वरचेवर विचारतात की तुम्हाला स्पॅनिश येत नाही, लॉस लोबोस या मेक्सिकन-अमेरिकन रॉक बँडचे मूळ वादक आता सत्तरीला पोहोचले आहेत, त्यांची गाणी घरबसल्या हवी तेव्हा ऐकता येतात, मग तिकीट काढून गर्दीत उभे राहायला का जाता? तुम्ही विचारलेत म्हणून जरा सविस्तर सांगते.

डेव्हिड हिडाल्गो, लुई पेरेझ, सेझर रोझास आणि कॉनराड लोझानो यांनी पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीत १९७३ मध्ये हा बँड उभा केला. रॉक ऐकत वाढलेली ही मुले त्या वयात उलट दिशेला वळली. आईवडिलांच्या पिढीचे संगीत त्यांनी मुळापासून शिकून घेतले, हाराना (छोटी गिटार), बाहो सेक्स्तो (बारा तारांची खर्जाची गिटार), गितार्रोन (मोठी बास गिटार) अशी मेक्सिकन वाद्ये हाताळली आणि कित्येक वर्षे लग्नांत व उपाहारगृहांत तेच वाजवले. विजेची गिटार त्यांच्याकडे परत आली ती यानंतर. १९८४ मध्ये सॅक्सोफोनवादक स्टीव्ह बर्लिन आला. पुढे ड्रमवादक बदलत राहिले, पण हे पाच जण चाळीस वर्षे एकत्र वाजवत राहिले, आणि माझ्या उत्तराचा गाभा इथेच आहे.

रेकॉर्डवर गाणे पक्के झालेले असते. समोर ते घडत असते. हिडाल्गो गिटार खाली ठेवून अकॉर्डियन गळ्यात अडकवतो, तेवढ्यात लोझानोने बासवर ठेका धरलेला असतो आणि रोझासने आपले गिटारवादन हलके करून त्याला जागा दिलेली असते; कुणी कुणाला खूण केलेली दिसत नाही. जुन्या गायकाच्या पाठीशी वर्षानुवर्षे बसलेला तबलजी समेच्या आधीच त्याचा इरादा ओळखतो, तशीच ही जाण आहे, फक्त इथे ती पाच जणांत वाटलेली आहे. मेक्सिकोतल्या वेराक्रुझच्या सोन हारोचो या लोकसंगीतात अनेकदा सहा मात्रांचे आवर्तन असते. एक वाद्य ते तीन-तीन असे मोजते, त्याच वेळी दुसरे दोन-दोन-दोन असे तोडते. दादरा ओळखणाऱ्या मराठी कानाला हा पेच चटकन कळतो, पण ध्वनिमुद्रणात हे दोन्ही प्रवाह एकत्र मिसळून येतात. सभागृहात मात्र कोणता हात काय मोजतो आहे ते डोळ्यांना दिसते आणि गितार्रोनचा खर्ज पायाखालच्या फळ्यांतून जाणवतो.

बहुतेकांना हा बँड 'ला बाम्बा' या एकाच गाण्यामुळे ठाऊक असतो, आणि मला तो अन्याय वाटतो. वेराक्रुझचे हे लोकगीत मेक्सिकन-अमेरिकन गायक रिची व्हॅलेन्सने १९५८ मध्ये रॉकच्या ठेक्यावर गायले आणि १९८७ मध्ये लॉस लोबोसने ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले. त्या ध्वनिमुद्रणाचा शेवट नीट ऐका: विजेची वाद्ये थांबतात आणि हारानाच्या तारांवर गाणे आपल्या गावी परत जाते. एवढे यश मिळाल्यावर पुढच्याच वर्षी त्यांनी पारंपरिक मेक्सिकन संगीताचा अल्बम काढला. यश त्यांनी असे वापरले, म्हणूनच माझ्या मनात त्यांच्याबद्दल इतका आदर आहे.

आता ऑस्टिनविषयी. १९९१ पासून हे शहर स्वतःला प्रत्यक्ष संगीताची जागतिक राजधानी म्हणवते. असली बिरुदे कुणीही लावू शकतो, पण इथला श्रोता खरोखर तयार आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या अँटोन्ससारख्या क्लबांनी त्याला ब्लूज ऐकायला शिकवले, त्यामुळे रोझासने ब्लूज धरला की दाद योग्य जागी येते. दुसरा वारसा अकॉर्डियनचा आहे. जर्मन आणि चेक स्थलांतरितांनी टेक्सासमध्ये पोल्का हा नाच आणि हे वाद्य आणले, इथल्या मेक्सिकन वादकांनी ते आपलेसे केले आणि सॅन अँटोनियोच्या फ्लाको हिमेनेस यांनी ते जगभर पोहोचवले. हिडाल्गोच्या अकॉर्डियनमागे हाच इतिहास आहे. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या वादनामुळे या वाद्याशी माझी ओळख आधीपासून होती. इथे मात्र ते नाचासाठी वाजते. कुंबिया हे लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीत सुरू झाले की आजी-आजोबा नातवंडांसह मोकळ्या जागेत उतरतात, आणि त्या पावलांकडे पाहून बँड गाणे लांबवतो. श्रोत्यांचा हा वाटा कोणत्याही रेकॉर्डवर येत नाही.

राहिला भाषेचा प्रश्न. त्यांची बरीचशी गाणी तर इंग्रजीतच आहेत, आणि स्पॅनिश गाण्यांचे शब्द मी जाण्यापूर्वी वाचून घेते. पुढच्या वेळी माझ्याबरोबर या. गिटारच्या ध्वनिवर्धकांसमोर न थांबता लोझानोच्या बाजूला उभे राहा, आणि पहिली दोन गाणी फक्त बासकडे लक्ष द्या.