विहिरीवरचा कंट्रोलर: पानं ओलांडणाऱ्या तारांना दिशा दिली

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या वावरात विहिरीवर बसणाऱ्या मोटर-कंट्रोलरचं सर्किट ड्रॉइंग आता तीन पानांवर गेलंय: पॉवर सप्लाय, ईएसपी३२ (प्रोग्रॅम चालवणारी मुख्य चिप), आणि स्टार्टरचे रिले व आरएस-४८५ (लांबवर डेटा नेणारी दोन तारांची लाइन). या आठवड्यात नवीन पार्ट एकही जोडला नाही. एका पानावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येक तारेची दिशा तेवढी ठरवली.

किकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्लोबल लेबलला (सगळ्या पानांवर तीच तार ओळखणाऱ्या नावाला) इनपुट, आउटपुट, बायडायरेक्शनल असे बाणाचे आकार देता येतात. ती तार चालवणारी चिप ज्या पानावर, तिथे आउटपुट. बाकी पानांवर इनपुट. नुसतं 'टीएक्स' (डेटा पाठवणारी तार) लिहिलं तर ते कुणाचं हे पान उलटल्यावर कळत नाही, म्हणून नाव 'ईएसपी_टू_४८५'. आरएस-४८५ लाइन चालवणाऱ्या मॅक्स४८५ चिपच्या ए-बी तारा मात्र दोन्ही बाजूंनी बोलतात, त्या बायडायरेक्शनलच.

खरी गंमत मॅक्स४८५ वरच आहे. ती ५ व्होल्टवर चालते, ईएसपी३२ ३.३ वर. डीआय या तिच्या डेटा घेणाऱ्या पिनचा बाण ईएसपीकडून येतो. तिथे २ व्होल्टच्या वरचं काहीही हाय धरलं जातं, म्हणून सरळ जोड. आरओ या डेटा देणाऱ्या पिनचा बाण उलट दिशेचा, म्हणून ५ चे ३.३ व्होल्ट करणारा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर तिथेच हवा: वर १० के, खाली २० के. पण आरई (ऐकणं चालू-बंद करणारी पिन) हाय झाली की आरओ सुटी पडते आणि तोच २० के ईएसपीच्या आरएक्सला (डेटा घेणाऱ्या पिनला) खाली ओढतो. ईएसपीला खोटा स्टार्ट बिट (डेटा सुरू झाल्याची खूण) दिसतो. म्हणून आरई कायमची ग्राउंडला बांधली. आपलाच पाठवलेला डेटा परत ऐकू येतो, तो प्रोग्रॅममध्ये सोडून द्यायचा.

एक लक्षात ठेवा मंडळी: ईआरसी (किकॅडची चुका शोधणारी तपासणी) दोन आउटपुटांची टक्कर पकडते ती पिनांचा प्रकार पाहून. लेबलाचा बाण डोळ्यांनीच तपासावा लागतो.

स्कीमॅटिक सेटअपमध्ये इंटर-शीट रेफरन्सही चालू केलेत (ही सोय ६ व्या आवृत्तीपासून आहे). ती तार आणखी कुठल्या पानावर आहे तो पान क्रमांक लेबलाशेजारी छापून येतो. थ्री फेज रात्रीची असते आणि ओलिताला धाकटा भाऊ जातो. बॅटरीच्या उजेडात त्याच्या हाती काळी-पांढरी झेरॉक्सच असणार. तिच्यावर माऊस चालत नाही, रंगही दिसत नाहीत. बाण आणि आकडा दिसतो.

पुढचं काम ओव्हरलोड रिलेच्या ९५-९६ संपर्काचं (ओव्हरलोड झाला की तो उघडतो). तो पीसी८१७ या ऑप्टोकपलरमधून (प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणाऱ्या चिपमधून) ईएसपीकडे आणायचाय.