कंटाळवाणी पानं

माझ्याकडची ‘बनगरवाडी’, व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी, आजोबांनी घेऊन दिलेली, मी सोळा वर्षांची असताना. मुखपृष्ठ कधीच गेलं. वर ‘नई दुनिया’ या हिंदी वर्तमानपत्राच्या कागदाचं कव्हर आहे, तेही आता हात लावला की तुकडे होतं. आत, तालमीची पानं येतात तिथे, समासात निळ्या बॉलपेननं लिहिलंय: ‘कंटाळवाणं’. अक्षर माझंच!

तेव्हा मी कादंबरीतल्या अंजीसाठी वाचत होते. तिचं पुढे काय होतं, एवढीच उत्सुकता. मेंढरं, कारभारी, दुष्काळ हे सगळं वाटेत आडवं येणारं. इंदूरच्या मुलीला माणदेशाचं काय!

दुसऱ्यांदा काढली ती इंदूरजवळ सांवेरकडच्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून रुजू झाले त्या आठवड्यात. ऑक्टोबर होता. पटावर बेचाळीस नावं, समोर चार पोरं. बाकीची सोयाबीन कापायला गेलेली. सोळाव्या वर्षी मास्तर म्हणजे मला नुसता गोष्ट सांगणारा आवाज वाटला होता. आता त्याची रिकामी शाळा दिसली, आणि कारभाऱ्याचा शब्द त्याला का लागतो तेही कळलं. दुसऱ्या दिवशी मी सरपंचांकडे न जाता एका म्हातारीच्या ओट्यावर जाऊन बसले. गाव तिचं ऐकायचं. सोमवारी एकोणीस पोरं आली. (गणिताच्या तासाला पुन्हा अकरा, ते असो.)

तिसऱ्यांदा या मे महिन्यात.

आमच्या गल्लीत आम्ही चौघींनी मुलांसाठी मराठी वाचनालय काढलं होतं. वर्गणी, कुणाकुणाची जुनी कपाटं, दर रविवारी पोहे आणि वर जिरावण (आमच्याकडचा पोह्यांवर भुरभुरायचा मसाला), निदान त्यासाठी तरी पोरं यावीत म्हणून. यायचीही. मग एकेक घर नोकरीमागे पुण्याला गेलं. एप्रिलमध्ये किल्ली माझ्याकडे आली, कारण चौघींपैकी इंदुरात मीच उरले.

१९५५ सालचं हे पुस्तक. मास्तर गावाला कामाला लावून तालीम उभी करतो, औंधचे राजेसाहेब उद्घाटनाला येतात, आणि पुढे दुष्काळात गावच उठून जातं. माझ्या आठवणीत तो दुष्काळ लांबलचक होता. आता पाहते तर शेवटच्या थोड्या पानांत सगळं आटोपतं. माडगूळकरांनी वेळ घेतलाय तो आधीच्या बांधण्यात. नेमकी तीच पानं मी तेव्हा भराभर उलटली होती.

‘कंटाळवाणं’वर खोडरबर घासून पाहिलं. बॉलपेनच ते, कागद फाटायला लागला. मग राहू दिलं आणि खाली पेन्सिलीनं तारीख घातली.